गोल पोहणाऱ्या केवळाबाई

केवळाबाई पाण्यात गोल फिरत. तलाव चांगला लांबट, चौकोनी. पण त्या एका कोपऱ्यातून निघाल्या की डावीकडे वळत वळत पुन्हा त्याच कोपऱ्यात येत. पहिल्यांदा हे पाहून सगळ्या मुली हसल्या आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. ज्या बाईने जन्मभर विहिरीत पोहणं केलं, तिला सरळ जाणं कुठून येणार, हा विचार आमच्या कुणाच्या मनात आला नाही.

त्यांचं माहेर किल्लारीजवळचं एक लहान गाव. वडील धोंडप्पा शेतकरी. शेतात दगडी बांधणीची विहीर. आमच्या मराठवाड्यात मुलगे उन्हाळ्यात विहिरीतच पोहायला शिकतात. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि मामाने किंवा चुलत्याने वरून ढकलून द्यायचं. मुलगी विहिरीवर जाते ती पाणी शेंदायला. काठावर ओणवं व्हायचं, पाय ओल्या दगडावर, आणि पोहण्याचा गंध नाही. केवळाबाईंची एक चुलत बहीण अशीच शेंदता शेंदता पाय घसरून बुडून गेली. पुढचा उन्हाळा लागला तेव्हा आत्या गुणाबाई धोंडप्पांना म्हणाली,

"पोरांस्नी शिकवून राहिलास. ती काय पाणी शेंदतात? शेंदणारीला शिकव की."

"लोक काय म्हणतील?"

"लोक मातीला आले व्हते ना? तवा काय म्हणले?"

गुणाबाई स्वतः परकर नेसण्याच्या वयात भावांबरोबर पोहायला शिकली होती आणि साडी नेसल्यावर तिचं ते बंद झालं होतं. आता दुपारी गाव निजलं की ती केवळाला घेऊन विहिरीत उतरे आणि धोंडप्पा बांधावर विहिरीकडे पाठ करून बसत. कुणी गडीमाणूस त्या बाजूला येताना दिसला की ते मोठ्याने खोकत आणि त्याला काहीबाही विचारत वाटेतच थांबवून धरत.

आत्याने दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या. भिंत सोडायची नाही, दमलं की तिचाच आधार. आणि तोंड पाण्यात घालायचं नाही. कारण वरून कोण कधी मुटका मारील, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन उडी टाकील, याचा नेम नसतो. डोकं वर ठेवायचं आणि काठाकडे बघत राहायचं. पुढे गावातल्या बायकांची कळशी बुडाली की त्या केवळाला हाक मारत. ती डोळे मिटून तळाला जाई, गाळात हाताने चाचपडे आणि कळशीचा काठ धरून वर येई.

लग्न होऊन त्या किल्लारीतच गेल्या. पती व्यंकटराव. सासरच्या शेतातही विहीर होती, पण सुनेने पोहायचं नसतं, म्हणून त्या फक्त शेंदत. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. व्यंकटराव, त्या आणि पाच वर्षांची तनुजा शेतातल्या गवती कोपीत निजले होते म्हणून वाचले. माहेरी धोंडप्पा राहिले नाहीत, आत्याही राहिली नाही. याबद्दल मी एकदाच विचारलं होतं. त्या पीठ मळत होत्या. "ते राहू द्या, काकू," म्हणाल्या आणि पुन्हा मळायला लागल्या.

पत्र्याच्या शेडमधून ते नव्या गावात आले. सरळ रस्ते, एकसारखी घरं, दारात नळ. शेतं मात्र होती तिथेच, लांब राहिली. माहेरच्या विहिरीची एक बाजू ढासळून दगडांनी ती निम्मी बुजली होती. "नळ आला ते लई चांगलं झालं, काकू," त्या म्हणत. "पण गावातल्या पोरी आता विहिरीकडं जातबी न्हाईत अन पोरंबी पोहत न्हाईत. पाण्याची वळख सुटली."

पुढे व्यंकटरावांना नांदेडला रेल्वेच्या मालधक्क्यावर टेम्पो चालवायचं काम मिळालं आणि माझ्या घरामागच्या दोन खोल्यांत ते राहायला आले. तो शिकवण्यांचा जोर नुकताच चढू लागलेला काळ. आमच्या गल्लीत जिथे पूर्वी जाईचे वेल होते तिथे भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्राचे फलक लागले. देगलूर, किनवट, उदगीर, कुठून कुठून मुली येत, दहा बाय दहाच्या खोलीत तिघी तिघी राहत आणि जेवणाचे हाल काढत. केवळाबाईंनी त्यांच्यासाठी खाणावळ काढली. मदतीला शेजारच्या गल्लीतल्या रहमतबी येऊ लागल्या. त्यांचे यजमान खाजामियाँ गाद्या भरून देत. रहमतबींची अर्शिया आणि केवळाबाईंची तनुजा एकाच वर्गात होत्या आणि दोघींचा डॉक्टर होण्याचा निश्चय दर घटक चाचणीनंतर थोडा थोडा ढळत असे.

त्या दोघींची सीईटी संपली त्या मे महिन्यात आमच्या भागातल्या एका क्रीडा मंडळाने आपल्या नव्या तलावावर महिलांसाठी वेळ सुरू केली. वेळ भर दुपारची. ज्या उन्हात पुरुष तलावाकडे फिरकत नसत ते ऊन त्यांनी बायकांना देऊन टाकलं होतं. औरंगाबादहून एक तरुण जीवरक्षक मुलगी शिकवायला आली होती. तनुजा आणि अर्शियाने जाण्याचा हट्ट धरला. त्यांना सोबत म्हणून केवळाबाई निघाल्या आणि केवळाबाई निघाल्या म्हणून रहमतबी आणि मी.

"तू कशाला?" खाजामियाँनी विचारलं. ते आमच्या अंगणातच गादीचा कापूस पिंजत बसले होते. "चाळीशी आली. आता मछली बनणार का?"

"मछली नको," रहमतबी म्हणाल्या. "नदी घराच्या मागं हाय अन मला ती घोट्यापर्यंतच ठाऊक हाय. बुडणार न्हाई एवढं आलं तरी बस."

पहिली अडचण कपड्यांची आली. सुती कपड्यांचा रंग पाण्यात उतरतो म्हणून तलावावर ते चालत नसत, आणि दुकानात मिळणारा पोशाख आमच्या गल्लीतली एकही बाई, कुठल्याही धर्माची, घालायला तयार नव्हती. मंडळाचे सचिव दयानंदराव तसे समजूतदार गृहस्थ. ते म्हणाले, कापड पोहण्याचं पाहिजे, शिलाई तुमची तुम्ही बघा. खाजामियाँनी गडद निळं नायलॉन आणलं आणि गाद्यांच्या खोळी शिवायच्या मशिनवर मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारे पोशाख शिवून दिले. रहमतबी तो घालून बाहेर आल्या तेव्हा ते म्हणाले, "आजवर खोळीत कापूस भरला. आज बायको भरली."

"मशीन बंद करा अन तोंडबी," रहमतबी म्हणाल्या. पण त्यांनी वळून मागची शिवण चाचपून पाहिली आणि ती पक्की होती.

असेच आणखी पोशाख निघाले आणि दुपारच्या वेळेला बायकांची चांगली गर्दी होऊ लागली. केवळाबाई मात्र नुसत्या काठावर बसत. एके दिवशी तनुजाचा कठड्यावरचा हात खोल बाजूला सुटला आणि ती गटांगळ्या खाऊ लागली. जीवरक्षक मुलगी तलावाच्या दुसऱ्या टोकाला होती. केवळाबाईंनी काष्टा मारला आणि मुटका मारूनच आत गेल्या. पाणी सगळ्यांच्या अंगावर आलं. तनुजाला काठाला लावून दिल्यावर त्या बाहेर यायला हव्या होत्या. त्या आल्या नाहीत. डोकं वर काढून, डावीकडे वळत, सावकाश एक फेरा मारून मगच आल्या. पंधरा-वीस वर्षांनी पाणी मिळालं होतं त्यांना.

"मावशी, गोल का फिरता? सरळ जा की," मुली हसत म्हणाल्या.

"सरळ जाऊन कुठं जायचं गं? पुढं भिंतच असती."

दुसऱ्या दिवशी खाजामियाँना आणखी एका पोशाखाचं माप मिळालं.

उन्हाळा संपत आला आणि औरंगाबादची मुलगी लग्न ठरून निघून गेली. दयानंदरावांनी बायकांना बोलावून सांगितलं, "महिला जीवरक्षक असल्याशिवाय महिलांची वेळ चालवता येत नाही. माझा नाइलाज आहे. आपल्यातली कुणी परीक्षा देत असेल तर मी थांबतो, नाहीतर पहिल्या तारखेपासून ही वेळ बंद." सगळ्यांनी केवळाबाईंकडे पाहिलं. रहमतबी तेव्हा कुठे पाठीवर तरंगायला शिकल्या होत्या. हात मारणं अजून बाकी होतं.

"असं अर्धं शिकवून सोडायचं का मला?" त्या केवळाबाईंना म्हणाल्या. "नदीत तरंगत तरंगत पार राजमहेंद्रीला जाईन मी."

केवळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दयानंदरावांना विचारलं, "परीक्षेत काय करावं लागतं, साहेब?"

परीक्षा लातूरला होती. तळातून वजन वर आणायचं, एका माणसाला ओढून काठाला आणायचं आणि दोरीने आखलेल्या पट्ट्यातून तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचं. आम्ही एसटीने गेलो. त्या, रहमतबी आणि मी. वजन त्यांनी पहिल्या बुडीत आणलं. परीक्षकाने ओढायला दिलेली धिप्पाड मुलगी त्यांनी अशी आणली की तिने वर आल्यावर त्यांचे आभार मानले. मग पट्ट्यातून पोहणं आलं आणि त्या डाव्या बाजूच्या दोरीवर जाऊन आदळल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा आदळल्या. तिसऱ्या वेळी दोरीखालून शेजारच्या पट्ट्यात गेल्या आणि तिथे पोहणारी मुलगी किंचाळली. परीक्षकांनी शिट्टी वाजवली. ते सौजन्याने बोलले. बाई, तुमचा दम उत्तम आहे, पण बुडणाऱ्याकडे जाताना तुम्ही दुसरीकडेच पोचाल. पुढच्या महिन्यात पुन्हा या.

परतीच्या एसटीत केवळाबाई अहमदपूरपर्यंत ओला पोशाख मांडीवर घडी घालत आणि उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं हाय त्यांचं. तनुजा जवळ व्हती म्हणून गावली. लांब असती तर मी तिला फेरा मारत बसले असते."

दयानंदरावांनी एक महिना वेळ वाढवून दिली. काठावर पुरुषांचे शिक्षक चंद्रप्पा सर उभे राहतील, पाण्यात पोहता येणाऱ्या बाया राहतील, पण नवीन कुणाला घ्यायचं नाही, आणि महिन्यानंतर काही ऐकणार नाही.

चंद्रप्पा सर निवृत्त पोलीस. त्यांना दोन दिवसांत दोष सापडला. "बाई, तुम्ही डोकं वर ठेवून काठाकडं बघता. ज्या काठाकडं बघाल त्याच काठाला जाल. तोंड पाण्यात घाला. तळाला काळी रेघ आहे. तिच्यावर नजर ठेवा, ती सरळ नेते."

हे सांगायला सोपं होतं. केवळाबाई तोंड पाण्यात घालत आणि लगेच वर काढत, जणू वरून कुणी उडी टाकतंय. सरांनी त्यांना समजावलं, इथे वरून कुणी पडणार नाही, मी उभा आहे. त्यांना ते पटलं आणि तोंड आत राहू लागलं. पण डोळे मिटलेलेच. आणि मिटल्या डोळ्यांनी त्या पुन्हा डावीकडे. अर्शियाने आपला पोहण्याचा चष्मा दिला तेव्हा म्हणाल्या, "ही घोड्याची झापडं मला नको." चष्मा लावूनही त्या डोळे मिटूनच ठेवत, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं.

ते रहमतबींनी ओळखलं. त्या उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून सराव बघत होत्या. केवळाबाई सरावासाठी बांधलेल्या दोरीला धडकून थांबल्या तशा त्या त्यांच्याकडे गेल्या.

"केवळाबाई, डोळे का मिटता?"

केवळाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तळ दिसतो," त्या म्हणाल्या.

"मग? दिसू दे की."

"विहिरीत तळ कवा दिसतो ठाऊक हाय का? पाणी सपतं तवा. तळ दिसला की घरात सगळ्यांची तोंडं उतरायची. माझे वडील तर काठावर जायचंच सोडून द्यायचे. मला तळ बघायची सवय न्हाई, बाई. डोळे आपसूक मिटतात."

रहमतबींचं माहेर आणि सासर दोन्ही नांदेडातलं; विहीर त्यांनी कधी जवळून पाहिलेलीच नव्हती. "हितं उलटं हाय," त्या म्हणाल्या. "हितं तळ दिसला म्हंजी पाणी साफ हाय. न्हाई दिसला की समजायचं तलाववाल्यांनी औषध टाकलं न्हाई. चला, मी खाली बसते. मी किती बोटं दाखवली ते सांगा. चुकलात तर आज भाकऱ्या तुम्ही एकट्या थापायच्या."

आणि त्या शिडीची दांडी धरून, श्वास रोखून पाण्याखाली बसल्या. त्यांना ही एक गोष्ट मुळातच येत होती. ज्या कधी विहिरीत उतरल्या नाहीत त्यांना पाण्याखाली डोळे उघडण्याचं भयच नव्हतं. केवळाबाई खाली गेल्या, वर आल्या.

"तीन."

"दोन. भाकरी."

"परत बसा."

ती सगळी दुपार त्यांचा हा खेळ चालला. मुली पोहायचं सोडून कडेला गोळा झाल्या. मध्येच रहमतबींनी खाली बसून वाकडं तोंड केलं आणि केवळाबाई पाण्यातच हसल्याने ठसका लागून वर आल्या. "हे परीक्षेत न्हाई करायचं," त्या खोकत म्हणाल्या. पण त्यांनी ते तोंड पाहिलं होतं, म्हणजे डोळे उघडे होते. हळूहळू रहमतबी कठडा धरून एकेक पाऊल मागे सरकू लागल्या, आणि केवळाबाई बोटं बघायला त्या रेघेवरून पुढे पुढे येऊ लागल्या. महिना सरता सरता त्या निम्मा तलाव सरळ जात. निम्म्यानंतर रेघ खोलात उतरे तिथे मात्र अजून एक हलका हिसका बसे आणि त्या किंचित डावीकडे ओढल्या जात.

दुसऱ्या वेळी लातूरला व्यंकटरावही आले. टेम्पोला सुट्टी देऊन. केवळाबाईंनी वजन आणलं, माणूस ओढून आणला. मग पट्ट्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या. चष्मा डोळ्यांवर ओढला. रहमतबी माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. प्रेक्षकांनी बोलायचं नाही असा नियम होता.

जाताना त्या सुतासारख्या सरळ गेल्या. खोलाशी तो नेहमीचा हिसका बसला, पण लगेच सावरल्या. टोकाला हात लावून वळल्या आणि वळताना चष्म्याची पट्टी निसटली. चष्मा गळ्यात लोंबकळू लागला. त्या थांबल्या असत्या तर परीक्षा तिथेच संपली असती. रहमतबी पुटपुटल्या, "मिटू नको, मिटू नको." केवळाबाईंचं तोंड पाण्यातच होतं. त्या डाव्या दोरीकडे सरकल्या. इतक्या की हाताचं कोपर दोरीला लागतंय असं वाटलं. मग दोरी दूर गेली. त्या पुन्हा मध्यावर आल्या, आणि आम्ही बसलो होतो त्या टोकाला त्यांचा हात भिंतीला लागला.

वर आल्या तेव्हा डोळे लालबुंद होते.

"रडलीस का काय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"औषधाचं पाणी हाय," त्या म्हणाल्या. "लई झोंबतं. पण रेघ दिसली."

परीक्षकांनी उत्तीर्ण म्हणून सांगितलं तेव्हा रहमतबींनी माझं मनगट सोडलं.

महिलांची वेळ बंद झाली नाही. केवळाबाई पुढची कितीतरी वर्षं त्या तलावावर होत्या, सकाळ-संध्याकाळ खाणावळ आणि दुपारी गळ्यात शिट्टी. शिकवण्यांना आलेल्या मुली अभ्यासाने डोकं उठलं की त्यांच्याकडे येत. काही डॉक्टर झाल्या, पुष्कळ झाल्या नाहीत, पण पोहायला सगळ्या शिकल्या. तनुजा परिचारिका झाली. दर उन्हाळ्यात चार दिवस किल्लारीला जाऊन केवळाबाई नव्या गावातल्या मुलींना एका ओळखीच्यांच्या विहिरीत उतरवत आणि त्यांना आधीच बजावत, "मधून सरळ जायचं. भिंत दमल्यावरच धरायची."

पण मी सांगणार होते ते परीक्षेनंतरच्या पहिल्याच आठवड्यातलं. त्या दुपारी रहमतबी तलावाच्या रुंदीच्या कडेला उभ्या राहिल्या. समोरचा काठ फार लांब नव्हता, पण मध्ये पाय टेकत नव्हते. केवळाबाई काठावर त्यांच्या बरोबरीने चालायला सज्ज होत्या.

"मधी थकले तर?" रहमतबींनी विचारलं.

"उलटं व्हायचं अन तरंगायचं. मी हाय."

"तुम्ही हाय म्हंजी कुठं? गोल फिरत याल तवर मी जाईन."

"आता सरळ येते मी. सरकारी शिक्का हाय."

रहमतबी निघाल्या. हात धड पडत नव्हते, पाणी खूप उडत होतं, निळा पोशाख फुगून पाठीवर तरंगत होता. मध्यावर त्या थांबल्या, उलट्या झाल्या, आकाशाकडे बघत नीट श्वास घेतला आणि पुन्हा पालथ्या होऊन निघाल्या. केवळाबाई काठाने त्यांच्याइतक्याच सावकाश चालत होत्या. शिट्टी त्यांनी तोंडात धरली होती, वाजवली नाही. रहमतबींचा हात कठड्याला लागला, मग दुसरा लागला, आणि त्या कठड्यावर कपाळ टेकून बराच वेळ तशाच राहिल्या.

बाहेर फाटकाशी खाजामियाँ लुनावर बसून वाट पाहत होते.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

"हाव. ह्या काठावरून त्या काठाला."

"अन आता?"

रहमतबींनी ओल्या केसांवर ओढणी घेतली आणि मागे बसल्या. "आता काय. उद्या लांबीनं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चला, भाकऱ्या राहिल्यात."